रस्ता म्हणजे तबेला नव्हे : बेशिस्त पार्किंगचा इतिहास

१/
वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचे एक छोटे गाव आहे. वस्ती सुमारे तेरा हजार. पहिल्या एडवर्डच्या काळातला पडका किल्ला, १८७२ साली सुरू झालेले विद्यापीठ, टेकडीवर वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि समुद्रापाशी येऊन संपणारा रेल्वेमार्ग. २०११ ते २०१२ या काळात जवळजवळ वर्षभर या गावाच्या रस्त्यांवर एकही ट्रॅफिक वॉर्डन नव्हता. कुठेही गाडी लावावी, कितीही वेळ लावावी. पावती फाडायला कोणी येत नसे.

२/
कायदा मात्र रद्द झालेला नव्हता. 'गाडी लावू नये' सांगणाऱ्या दुहेरी पिवळ्या रेघा जागच्या जागी होत्या. 'एक तासापुरते' असे सांगणाऱ्या पाट्याही होत्या. पोलिसांनी आपले वॉर्डन काढून घेतले होते आणि ते काम ज्या स्थानिक परिषदेकडे जायचे होते तिची तयारी पूर्ण व्हायची होती. दोन कचेऱ्यांच्या मधल्या या फटीत एक अख्खे गाव वर्षभर सापडले.

३/
त्या वर्षी तिथे जे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गाडी चालवण्याचे नियम सर्वांना ठाऊक असतात. पण उभी असलेली, कोणालाही धडक न देणारी गाडी हा गुन्हा कधी आणि कशामुळे ठरला?

४/
समाजमाध्यमांवर या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर फिरत असते : जगातली पहिली 'नो पार्किंग'ची पाटी ॲसिरियाचा राजा सेनाखेरिब (राज्यकाल इ.स.पू. ७०५ ते ६८१) याने निनेव्हे येथे लावली आणि नियम मोडणाऱ्याला सुळावर चढवले. निनेव्हे म्हणजे आजच्या इराकमधील मोसूलचा परिसर. गोष्ट रंगतदार आहे. शिलालेखात मात्र ती नाही.

५/
मूळ लेखात राजा सांगतो की, त्याने राजमार्गाची रुंदी ६२ मोठे हात ठेवली. पुढे नगरातल्या कोणी जुने घर पाडून नवे बांधताना त्याचा पाया राजमार्गावर सरकवला, तर त्याला त्याच्याच घरावर सुळी द्यावे. सुळाची गोष्ट खरी आहे, पण ती रथ उभा करणाऱ्यासाठी नाही. ती अतिक्रमण करणाऱ्यासाठी आहे. ओटा जरा पुढे, पायरी जरा पुढे, मग भिंतच पुढे, हा प्रकार निनेव्हेच्या राजालाही चांगला परिचयाचा होता असे दिसते.

६/
तरीही ही चूक अगदी निरर्थक नाही. घराचा पाया आणि उभी गाडी यांत फरक काळाचा असतो. पाया कायमचा बसतो, गाडी काही तासांपुरती. दोन्हीही सर्वांची जागा एकाची करतात. म्हणून वाट अडवण्याविषयीचे जुने कायदे पार्किंगच्या इतिहासात मोडतात, मग त्यांत गाडीचा शब्दही नसला तरी.

७/
या विषयात कौटिलीय अर्थशास्त्राइतका बारकाईचा ग्रंथ दुसरा शोधणे कठीण. तिसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात वाट अडवणाऱ्याचा दंड त्या वाटेच्या महत्त्वानुसार ठरवला आहे. लहान जनावरांची आणि माणसांची पायवाट अडवली तर १२ पण. मोठ्या जनावरांची अडवली तर २४. हत्तीची किंवा शेताकडे जाणारी वाट असेल तर ५४. गावाची किंवा स्मशानाची वाट अडवणाऱ्याला २००, द्रोणमुखाकडे, म्हणजे मोठ्या पेठेच्या ठिकाणाकडे, जाणाऱ्या मार्गासाठी ५०० आणि स्थानीयाकडे, राष्ट्राकडे किंवा कुरणाकडे जाणाऱ्या मार्गासाठी १०००.

८/
हे आकडे किती जड होते हे त्याच ग्रंथातून कळते. पाचव्या अधिकरणात राजसेवकांच्या वेतनांची यादी आहे, तिच्यात सर्वांत खालच्या नोकराला वर्षाला ६० पण दिले आहेत. म्हणजे गावाची वाट अडवण्याची किंमत अशा माणसाच्या तीन वर्षांच्या पगाराहून अधिक. स्मशानाची वाट गावाच्या वाटेच्या बरोबरीने ठेवली आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रेतयात्रा अडली तर ती थांबवून ठेवता येत नाही. आजच्या काळात तोच विचार रुग्णवाहिकेला लागू पडतो.

९/
रोमने वेगळा मार्ग धरला. दक्षिण इटलीत हेराक्लिया येथे १७३२ साली कांस्यपत्रे सापडली. त्यांवरील नियम सामान्यतः ज्युलियस सीझरच्या काळातले, इ.स.पू. ४५ च्या सुमाराचे, मानले जातात. त्यांनुसार सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत रोमच्या दाट वस्तीत मालगाड्यांना बंदी होती. अपवाद मोजके : देवळांच्या बांधकामाचा माल, ठराविक सण, विजययात्रा, सार्वजनिक खेळ. रात्री शहरात शिरलेल्या गाड्या दिवसा रिकाम्या किंवा घाण-कचरा भरून बाहेर नेण्यास मुभा होती. परिणाम असा की, सगळा माल रात्री येऊ लागला. पुढे दीडशे वर्षांनी कवी जुव्हेनाल रोममधल्या रात्रीच्या गाड्यांच्या खडखडाटाबद्दल त्रागा करताना आढळतो. शहरातली गर्दी नाहीशी झाली नाही. ती लोकांच्या झोपेवर जाऊन बसली.

१०/
मधली अनेक शतके ओलांडून थेट १८१२ च्या लंडनमध्ये यावे, कारण ज्या तत्त्वावर आजचा पार्किंगचा कायदा उभा आहे ते तिथे स्वच्छ शब्दांत मांडले गेले. चेरिंग क्रॉस या गजबजलेल्या ठिकाणी एका व्यावसायिकाच्या घोडागाड्या उतारूंची वाट पाहत रस्त्यातच बराच वेळ उभ्या राहत. खटला सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांच्यासमोर आला. गाडीवाल्याचे म्हणणे साहजिक होते : गाडी थांबल्याशिवाय उतारू चढणार कसे?

११/
एलेनबरोंनी ते मान्य केले, पण अर्धेच. उतारू चढवण्या-उतरवण्यासाठी गाडी रस्त्यात थांबणे ही लोकांचीच सोय आहे. मात्र ते वाजवी वेळेत उरकले पाहिजे. एक खेप संपून दुसरी सुरू होईपर्यंत गाडी उभी करायची असेल, तर तिच्या मालकाने स्वतःची खाजगी जागा पाहावी. राजमार्गाचा तबेला करण्याचा हक्क कोणालाही नाही.

१२/
या निकालाचे मोल त्यातल्या 'वाजवी वेळ' या कल्पनेत आहे. सेनाखेरिबने हात मोजले, कौटिल्याने पण मोजले. एलेनबरोंनी घड्याळ पुढे केले. रस्त्यावर थांबण्याचा हक्क सर्वांना आहे, परंतु प्रत्येकाला आपल्या पाळीपुरता. त्यानंतरचा सव्वाशे वर्षांचा झगडा ही पाळी संपली हे ओळखायचे कसे, याचा आहे.

१३/
मोटारी आल्या आणि हा झगडा लहानमोठ्या सर्व गावांत पोहोचला. अमेरिकेत १९२० आणि १९३० च्या दशकांत बाजारपेठेतल्या रस्त्यांवर तासाभराची, दोन तासांची मुदत असे. पोलीस शिपाई हातात खडू घेऊन फिरे, प्रत्येक गाडीच्या टायरवर खूण करी आणि मुदतीनंतर परत येऊन खूण जागच्या जागी दिसली तर पावती देई. यावर तोड निघायला वेळ लागला नाही. कोणी खूण पुसून टाकी, कोणी गाडी दोन हात पुढे सरकवी.

१४/
या खडूचे एक शेपूट अलीकडपर्यंत लांबले. मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ या गावी वारंवार दंड झालेल्या एका रहिवाशाने दावा लावला की, टायरवर खडूची रेघ ओढणे ही विनापरवाना झडती आहे. २०१९ साली अमेरिकेच्या सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने खडूची रेघ ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या अर्थाने 'झडती'च ठरते असे म्हटले. शंभर वर्षे बिनबोभाट चाललेली खडूची कांडी अखेर संविधानाच्या कक्षेत आली.

१५/
परंतु खडूला खरा पर्याय ओक्लाहोमा सिटीत निघाला आणि ही हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मध्यवर्ती पेठेतल्या व्यापाऱ्यांची तक्रार होती की, गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा मिळत नाही. व्यापारी मंडळाने वाहतुकीसाठी समिती नेमली आणि तिची धुरा कार्ल मगी या वृत्तपत्र संपादकाकडे दिली. हा गृहस्थ वादळी होता. त्यापूर्वी न्यू मेक्सिकोत असताना तेथील बलाढ्य राजकारणी आणि पुढे 'टीपॉट डोम' तेल घोटाळ्यात तुरुंगात गेलेले मंत्री अल्बर्ट फॉल यांच्याशी त्याने वैर पत्करले होते.

१६/
पेठेतल्या जागा कोण अडवत होते याचे उत्तर व्यापाऱ्यांना फारसे आवडण्यासारखे नव्हते. बाहेरगावचे लोक नव्हेत, उनाड तरुणही नव्हेत. पेठेत कामाला येणारी माणसेच, दुकाने आणि कचेऱ्या चालवणारी, सकाळी येऊन दारासमोर गाडी लावत आणि संध्याकाळी काढत. गिऱ्हाईक फेऱ्या मारून निघून जाई. स्वतःच्या धंद्याचा रस्ता लोक स्वतःच अडवून बसले होते, आणि प्रत्येकाला वाटे की आपली एकच तर गाडी आहे.

१७/
मगीला एक यंत्र हवे होते. नाणे टाकले की घड्याळ सुरू व्हावे आणि वेळ संपली की दुरून दिसेल असे निशाण वर यावे. स्टिलवॉटर येथील कृषी व यांत्रिकी महाविद्यालयातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याने स्पर्धा ठेवली. पण चालण्याजोगे यंत्र अखेर तिथले प्राध्यापक थ्यूसेन आणि त्यांचे सहकारी हेल यांनी घडवले. १६ जुलै १९३५ रोजी फर्स्ट स्ट्रीट आणि रॉबिन्सन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जगातला पहिला पार्किंग मीटर उभा राहिला. दर तासाला पाच सेंट. फरशीवर रंगाने चौकटी आखल्या गेल्या : एक गाडी, एक चौकट.

१८/
लोक चिडले. ज्या रस्त्यासाठी कर भरला त्यावर थांबायला पुन्हा पैसे का, हा प्रश्न त्या काळी नवा होता. मीटरवरून पहिल्यांदा पकडला गेला तो एक धर्मोपदेशक, अशी तिथली प्रसिद्ध कथा आहे. 'सुट्टे आणायला गेलो होतो' असे त्याने न्यायाधीशाला सांगितले आणि तो सुटला. ही सबब जगात कुठेही चालते, असे म्हणायला हरकत नाही.

१९/
व्यापाऱ्यांचा कल मात्र लवकरच फिरला. एका चौकटीत दिवसभरात एकाऐवजी अनेक गाड्या येऊन जाऊ लागल्या, म्हणजे तितकी गिऱ्हाइके. १९४० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत १,४०,००० हून अधिक मीटर बसले. युक्त्या थांबल्या नाहीत. दर तासाला दुकानातून बाहेर येऊन नवे नाणे टाकणारे निघाले, तेव्हा अनेक शहरांना तोही गुन्हा ठरवावा लागला. मुद्दा पैशाचा नसून पाळीचा आहे, हे त्यामुळे अधिकृतपणे लिहिले गेले.

२०/
लंडनमध्ये मीटर आले १९५८ साली आणि सप्टेंबर १९६० मध्ये गणवेशातले ट्रॅफिक वॉर्डन. पहिलीच पावती फाडली गेली ती एका डॉक्टरची. एका हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला पाहायला तो धावला होता आणि त्याची छोटी फोर्ड बाहेर चुकीच्या जागी उभी होती. दंड दोन पौंड. वर्तमानपत्रांनी ओरड केली, दंड मागे घेतला गेला. नव्या व्यवस्थेची याहून वाईट सुरुवात कल्पिता येत नाही. वॉर्डन हा ब्रिटिश विनोदाचा कायमचा विषय झाला त्याचे मूळ इथे असावे. तरीही दुसरी बाजू आहे : अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंनी वाटेल तशा गाड्या लागल्या असतील, तर डॉक्टर हॉटेलापर्यंत पोहोचणारच नाही.

२१/
आता पुन्हा ॲबरिस्टविथ. ब्रिटनमध्ये पुढे पार्किंगचे बरेचसे गुन्हे फौजदारी कक्षेतून काढून स्थानिक परिषदांकडे सोपवण्याचे धोरण आले. लंडनसाठी १९९१ चा कायदा झाला, नंतर २००४ चा. जिल्ह्याजिल्ह्याने हे हस्तांतर होत गेले. ॲबरिस्टविथमध्ये पोलिसांचे वॉर्डन आधी गेले आणि परिषदेचे नंतर आले.

२२/
सुरुवातीला आनंदीआनंद होता. वॉर्डनला कंटाळलेल्या वाहनचालकांना गाव मोकळे झाल्यासारखे वाटले. दंडाच्या भीतीने गिऱ्हाईक येत नाही, असे मानणाऱ्या काही दुकानदारांनाही बरे वाटले. मग ओक्लाहोमाची गोष्ट जशीच्या तशी घडू लागली. सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलेना. तासाभराच्या चौकटी दिवसभराच्या झाल्या. माल उतरवणाऱ्या लॉऱ्यांना कडेला जागा उरली नाही, म्हणून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहू लागल्या. त्यांच्यामागे बाकीची वाहने अडकली. दुहेरी पिवळ्या रेघांवरही गाड्या लागल्या. चालकांची आपसात भांडणे होऊ लागली, आणि ज्यांनी वॉर्डन गेल्याचे स्वागत केले त्यांतलेच काही ते परत कधी येणार असे विचारू लागले.

२३/
या प्रकरणात एकही अट्टल गुन्हेगार नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. विद्यापीठाचे गाव, शिकलेली वस्ती, बहुतेक जण एकमेकांना ओळखणारे. लहान गावात ओळखीमुळे लोक आपोआप सांभाळून वागतात, हा समज मोठा आकर्षक आहे. प्रत्यक्षात ओळखीने उलट अडचण होते. शेजारच्या दुकानदाराला 'गाडी काढा' म्हणणे परक्याला म्हणण्यापेक्षा अवघड असते. उद्या पुन्हा त्याचेच तोंड पाहायचे असते. अनोळखी वॉर्डन हा त्या अवघडलेपणातून सर्वांची सुटका करणारा माणूस होता. जून २०१२ मध्ये परिषदेचे गणवेशधारी कर्मचारी रस्त्यावर उतरले आणि तो प्रयोग संपला.

२४/
एलेनबरोंचा तबेला जपानने अधिक गंभीरपणे घेतला. १९६२ च्या कायद्याने तिथे सार्वजनिक रस्ता ही गाडी ठेवण्याची जागा नव्हे, असे ठरले. गाडी घेणाऱ्याने ती कुठे ठेवणार याचा दाखला पोलिसांकडून आणायचा आणि ती जागा घरापासून ठराविक अंतरात असली पाहिजे, ही अट रुजली. एकाच ठिकाणी रस्त्यावर बारा तास, किंवा रात्री आठ तास गाडी ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०२५ साली राज्य शासनाने 'पार्किंग नाही तर गाडी नाही' या धर्तीचा विचार जाहीर केला, तेव्हा ज्यांना तो अघोरी वाटला त्यांना या कायद्याचे वय ठाऊक नसावे.

२५/
भारतातली कथा वेगळ्या अंगाने बोलकी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ नुसार सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्याला जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता. त्या काळी शिपायाचा पगार महिना सात रुपये. म्हणजे कमाल दंड त्याच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक. कौटिल्याच्या हिशेबाशी हे प्रमाण आश्चर्यकारकरीत्या जुळते. पुढे स्वातंत्र्य आले, मोटारी आल्या, १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या कलम १२२ ने धोकादायक रीतीने गाडी सोडून जाण्यास मनाई केली आणि १२७ ने अशी गाडी उचलून नेण्याची सोय केली. दंड संहितेतले २०० रुपये मात्र तसेच राहिले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम २८५ खाली ती मर्यादा ५,००० रुपये झाली. तोपर्यंत १६४ वर्षांत तो दंड हॉटेलातल्या एका जेवणाएवढा उरला होता.

२६/
पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंगचे धोरण संमत केले ते मोठ्या विरोधातून आणि प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरते. पैसे भरून गाडी लावण्याला झालेला विरोध ओक्लाहोमातल्या विरोधापेक्षा मुळात निराळा नव्हता : रस्ता तर आमचाच आहे. हे वाक्य खरे आहे. अडचण त्यातल्या 'आमचा' या शब्दाच्या अनेकवचनात आहे.

२७/
तालुक्याच्या गावी तर मीटरही नाही आणि धोरणही नाही. बाजारपेठेचा रस्ता बैलगाडीच्या मापाचा. त्यावर दुकानाची पायरी पुढे आलेली, पायरीपुढे मालकाची दुचाकी, दुचाकीपुढे गिऱ्हाइकाची चारचाकी, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्यापुढे भाजीवाल्यांची पाले. सेनाखेरिबचा पाया आणि चेरिंग क्रॉसची घोडागाडी एकाच जागी पाहायची असेल तर अशी पेठ पाहावी. म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरलेल्या पट्टीतून, वाहनांच्या मधून चालतात. दारोदारी स्वहस्ते रंगवलेल्या पाट्या असतात : गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल. हा कायदा नव्हे, पण वॉर्डन नसलेल्या गावात कायद्याची जागा शेवटी अशी भरून निघते.

२८/
यातही महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी आणि शहरांनी स्वीकारलेली एक तोड मात्र इतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी आहे : सम-विषम तारखेचे पार्किंग. एका बाजूला 'पी-१', समोर 'पी-२'. विषम तारखेला या बाजूच्या दुकानांसमोर गाड्या, सम तारखेला त्या बाजूच्या. नाणे लागत नाही, यंत्र लागत नाही, खडू लागत नाही. पाळी ठरवायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. अडचण रात्रीची. मध्यरात्री तारीख बदलते आणि त्या क्षणी रस्त्याची एक अख्खी बाजू, झोपलेल्या मालकांच्या गाड्यांसकट, नियमबाह्य होते. जिथे महिन्याला ३१ दिवस असतात तिथे तर ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम, तेव्हा एका बाजूच्या दुकानदारांच्या दारात सलग दोन दिवस गाड्या असतात. वर्षातून सात वेळा.